मराठी ईबुकात अक्षरं फुटतात, चौकोन येतात, प्रकरणं चिकटतात: मार्कडाउन ते ईपब वाटेवरचं समस्या निवारण

साध्या मजकूर फाइलमध्ये मार्कडाउनच्या खुणा (शीर्षकाला #, ठळक अक्षरांना तारे) घालून पुस्तक लिहायचं, पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या अवजाराने त्याचं ईपब, म्हणजे ईबुकाची फाइल, करायचं आणि ते दुकानात चढवायचं, ही वाट स्वस्त आहे आणि भरवशाचीही. पण मराठी पुस्तकांत तेच ते बिघाड पुन्हा पुन्हा येतात. जो तो आधी फॉन्ट बदलायला धावतो. खरं तर बहुतेक वेळा फॉन्टचा दोष नसतो, मजकुरातच काहीतरी शिरलेलं असतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून खर्चिक आणि किचकटपर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका.

एक सूचना. आज्ञा आणि पर्याय रोमन लिपीतच टाइप करायचे असतात, इथे त्यांची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

लक्षणं

आपलं लक्षण कोणतं ते आधी नीट पाहा. दिसायला सारखे वाटणारे बिघाड मुळात वेगळे असतात.

- सगळीकडे प्रश्नचिन्हं: मजकूर साठवतानाच मेला आहे.
- डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्याशेजारी ¤ अशी खूण, आणि हेच सतत: मजकूर जिवंत आहे, चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय.
- निरर्थक रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी, जी एका ठरावीक फॉन्टमध्ये मात्र मराठी दिसते: युनिकोडपूर्व (श्रीलिपीसारख्या जुन्या) फॉन्टमधला मजकूर.
- रिकामे चौकोन: फॉन्टमध्ये ते अक्षर नाही.
- जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर आणि पुढे पूर्ण अक्षर, किंवा मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ: अदृश्य अक्षर, चुकीचा क्रम किंवा तुटलेली खूण.
- वेलांटी एक अक्षर अलीकडे किंवा पलीकडे: पीडीएफमधून उचललेला मजकूर.
- शिरोरेषा मध्येमध्ये तुटलेली, मात्रा वरून कापलेल्या: सीएसएस, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणारी फाइल.
- सगळं पुस्तक एकाच प्रकरणात, किंवा ओव्या गद्यासारख्या सलग: मार्कडाउनच्या खुणा.

१. तेच ईपब दुसऱ्या वाचकात (ईबुक उघडणाऱ्या ॲपमध्ये) उघडा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. संगणकावर थोरियम रीडर किंवा कॅलिबरचा वाचक, फोनवर गुगल प्ले बुक्स. एका ठिकाणी बिघडलेलं आणि दुसरीकडे स्वच्छ असेल तर मजकूर शाबूत आहे. थेट आठव्या आणि नवव्या मुद्द्याकडे जा. दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं असेल तर फॉन्टला हात लावू नका, पुढे वाचा.

याहून पक्की खूण हवी असेल तर ईपबची एक प्रत करून तिचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. ईपब ही मुळात झिप फाइलच असते. पॅनडॉकच्या ईपबमध्ये आत ‘टेक्स्ट’ नावाच्या फोल्डरात प्रकरणांच्या एक्सएचटीएमएल फाइली असतात, शेजारी ‘स्टाइल्स’ आणि ‘फॉन्ट्स’. एखादं प्रकरण ब्राउझरमध्ये उघडा. ब्राउझरमधली अक्षरजुळणी चोख असते. तिथेही अक्षर फुटलेलं दिसलं तर दोष मजकुरात किंवा सीएसएसमध्ये आहे, वाचणाऱ्या यंत्रावर बोट ठेवता येणार नाही.

२. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली आहे का

पॅनडॉकला यूटीएफ-८ हवं असतं, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याचा रूढ संकेत. दुसऱ्या संकेतातली फाइल दिली तर आवृत्तीनुसार तो एकतर अडून बसतो किंवा लॅटिन-१ समजून एक इशारा देतो आणि पुढे जातो. तो इशारा टर्मिनलमध्ये सरकून जातो आणि पुस्तक बिघडलेलं बाहेर पडतं. म्हणून पॅनडॉक चालवल्यावर आलेली प्रत्येक ओळ वाचा.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवतो. त्याआधीच्या यंत्रांवर ‘आन्सी’ हा पर्याय आपोआप निवडलेला असायचा, आणि त्यात मराठी साठवलं की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह व्हायचं. असा मजकूर कोणत्याही अवजाराने परत येत नाही, जुनी प्रतच शोधावी लागते.

तिरक्या रेघेचा ए दिसत असेल तर घाबरू नका. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच असतात. म्हणून चुकीच्या संकेतात उघडल्यावर तीच जोडी सतत दिसते. व्हीएस कोड या मजकूर संपादकात खालच्या पट्टीवर संकेताचं नाव असतं. त्यावर क्लिक करून ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ निवडा, यूटीएफ-८ करा, मराठी दिसलं की साठवा. मराठी दिसण्याआधी साठवू मात्र नका.

३. माहितीचा खण: भाषा आणि शीर्षक

फाइलच्या माथ्यावर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक, लेखक, भाषा लिहितो तो वायएएमएलचा खण. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली भाषा. ‘लँग’पुढे एम-आर ही दोनच अक्षरं हवीत, किंवा एम-आर-आयएन. भाषेचं अख्खं नाव नको, तीन अक्षरी संकेतही नको. ही ओळच नसेल तर पॅनडॉक तुमच्या संगणकाची भाषा उचलतो, म्हणजे बहुधा इंग्रजी. मग वाचून दाखवणारा आवाज मराठी शब्द इंग्रजी समजून वाचतो, दुकानात पुस्तक चुकीच्या भाषेत नोंदलं जाऊ शकतं, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श भाषा पाहून बदलतात त्यात हिंदी वळण दिसतं. ‘ल आणि श हिंदी का दिसतात’ असा प्रश्न पडला असेल तर फॉन्ट बदलण्याआधी ही एक ओळ पाहा.

दुसरी विसर्गाची. ‘स्वतः’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकायची सवय सार्वत्रिक आहे. मजकुरात ते फक्त अशुद्ध दिसतं. शीर्षकात ‘स्वत: शिका’ असं आलं की वायएएमएल तो अपूर्णविराम आणि त्यापुढची मोकळी जागा पाहून नवी नोंद सुरू झाली असं समजतो, आणि पॅनडॉक चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतो. शीर्षक अवतरणचिन्हांत घाला आणि विसर्ग खरा टाका. मजकुरातही ‘त:’ आणि ‘न:’ शोधून एकेक पाहून घ्या. सरसकट बदलू नका, कुठेतरी खरोखरचा अपूर्णविराम असतो.

४. मार्कडाउनच्या खुणा

इथला घोळ असा की संपादकातल्या पूर्वदर्शनात सगळं ठीक दिसतं आणि पॅनडॉकमध्ये बिघडतं. कारण दोघांचे नियम थोडे वेगळे आहेत. पूर्वदर्शन बहुतेक वेळा कॉमनमार्कच्या (मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाच्या) नियमांनी चालतं, त्यात शीर्षकाआधी रिकामी ओळ नसली तरी चालते. पॅनडॉकला ती लागते. शिवाय # नंतर एक मोकळी जागा हवी. ‘#प्रकरण दुसरे’ हे दोघांनाही शीर्षक वाटत नाही, ‘# प्रकरण दुसरे’ हवं. ठिपक्यांच्या यादीआधीही पॅनडॉकला रिकामी ओळ द्या, नाहीतर यादी मागच्या परिच्छेदाला चिकटते.

प्रकरणाला एकच #, पोटशीर्षकाला दोन. पॅनडॉक पहिल्या पातळीच्या शीर्षकावर नवी फाइल तोडतो. सगळ्या प्रकरणांना ## दिलं असेल तर पुस्तक एकाच लांबलचक फाइलमध्ये येतं आणि जुन्या फोनवर उघडताना गुदमरतं.

मराठी अंकांची गंमत वेगळी. ‘१.’ ‘२.’ अशा देवनागरी अंकांनी सुरू केलेल्या ओळी मार्कडाउनला क्रमांकित यादी म्हणून कळत नाहीत. त्या एका परिच्छेदात सलग येतात. यादी इंग्रजी अंकांनी (1, 2, 3) लिहा आणि सीएसएसमध्ये यादीची शैली ‘देवनागरी’ करा, किंवा प्रत्येक मुद्दा रिकामी ओळ सोडून वेगळा परिच्छेद करा. दुसरा मार्ग दिसायला गावठी, पण सगळ्या वाचकांवर टिकतो.

ठळक अक्षरांचा त्रास तर खास आपल्या प्रत्ययांमुळे. `**"वाडा"**च्या` असं लिहिलं तर कॉमनमार्कवर चालणाऱ्या अवजारात तारे तसेच छापले जातात. शेवटच्या ताऱ्यांआधी अवतरणचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर असेल तर तो नियम त्यांना बंद करणारे तारे मानत नाही. तारे आत घ्या: `"**वाडा**"च्या`. अधोरेषेने तिरपं केलेल्या शब्दाला प्रत्यय जोडला, `_वाडा_च्या`, तर पॅनडॉकसुद्धा ती खूण मानत नाही. मराठीत अधोरेषा सोडा, तारेच वापरा. आणि खूण जोडाक्षराच्या मधे कधीही घालू नका. क् ठळक आणि ष साधा असं केलं की दोन्ही अक्षरं वेगळ्या खणात जातात, आणि जुळणी खणाच्या भिंतीपलीकडे होत नाही.

कविता, ओव्या, अभंग सलग येत असतील तर ओळीच्या शेवटच्या दोन मोकळ्या जागा कुणीतरी खाल्ल्या आहेत. बरेच संपादक साठवताना ओळीअखेरच्या मोकळ्या जागा स्वतःहून पुसतात. त्यावर विसंबू नका. पॅनडॉकमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला | आणि एक मोकळी जागा द्या. ओळी तशाच राहतात, सुरुवातीचं इंडेंटही टिकतं.

५. अदृश्य अक्षरं

मराठी ईबुकातला सगळ्यात चिवट बिघाड हाच. वर्डमधून, व्हॉट्सॲपवरून किंवा एखाद्या संकेतस्थळावरून मजकूर चिकटवला की त्याबरोबर शून्य रुंदीची अक्षरं येतात: जोडणारं, युनिकोड क्रमांक २००डी, आणि तोडणारं, २००सी. शिवाय न तुटणारी मोकळी जागा, ००ए०, आणि मऊ संयोगरेषा, ००एडी. हलन्तानंतर तोडणारं अक्षर बसलं की जोडाक्षर होत नाही, आणि संपादकाच्या फॉन्टमध्ये ते कधीकधी लक्षातही येत नाही.

व्हीएस कोड बऱ्याच अदृश्य अक्षरांभोवती चौकट काढतो. नाहीतर शोध खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनचं बटण दाबून युनिकोड क्रमांकाने शोधा.

इथे घाई महागात पडते. जोडणारं अक्षर सगळीकडून सरसकट पुसलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ‘आचाऱ्याला बोलावलं’ यातला स्वयंपाकी जाऊन तिथे ‘आचार्याला’ येतो. कारण चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि जोडणारं अदृश्य अक्षर. बऱ्याच जुन्या कीबोर्डांतून दुसरा प्रकार येतो. शुद्धलेखन तपासनीसाला दोन्ही शब्द बरोबर वाटतात, त्यामुळे ही चूक छापून गेल्यावरच कळते.

म्हणून क्रम असा:

1. आधी फाइलची प्रत करा.
2. ‘र, हलन्त, जोडणारं अक्षर’ ही तिकडी शोधून तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला.
3. मग उरलेली जोडणारी अक्षरं पुसा.
4. तोडणारी अक्षरं मात्र एकेक पाहून काढा. ‘वाङ्‌मय’, ‘षट्‌कोन’ यांसारख्या शब्दांत ती मुद्दाम घातलेली असू शकतात.
5. न तुटणाऱ्या जागांच्या ठिकाणी साधी जागा, मऊ संयोगरेषा सरळ काढा.

याच फेरीत ‘ॲ’ पाहून घ्या. तो तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर ०९७२, ‘अ’ वर चंद्र जोडून केलेली जोडगोळी, आणि ऍ. दिसायला पहिले दोन बहुधा सारखे, पण वाचकाने पुस्तकात ‘ॲप’ शोधलं तर निम्मे सापडत नाहीत, आणि काही फॉन्टांत जोडगोळीखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. सगळे पहिल्या प्रकारात आणा.

६. पीडीएफमधून आलेला मजकूर

पीडीएफमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने असतीलच असं नाही, ती दिसण्याच्या क्रमाने मांडलेली असतात. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून उचलताना ती अक्षराआधी येते; रफार भलत्याच जागी जातो; काही जोडाक्षरं गायब होतात. शोधा-बदला करून हे आवरत नाही. चार सुधारता तिथे दोन नवे बिघडतात.

त्यापेक्षा पानांच्या प्रतिमा करून त्यांवर अक्षरओळख चालवा. टेसरॅक्ट हे मुक्त अवजार मराठी ओळखतं, गुगल ड्राइव्हमध्ये प्रतिमा ‘गुगल डॉक्स’ने उघडली तरी काम होतं. ३०० डीपीआयपेक्षा कमी प्रतिमा घेऊ नका, अनुस्वार आणि नुक्ते हरवतात. त्यानंतर मुद्रितशोधन लागतंच.

७. सीएसएस

स्वतःची सीएसएस फाइल दिली की पॅनडॉक त्याची मूळची वापरत नाही, हे ध्यानात ठेवा. इंग्रजी पुस्तकासाठीची तयार फाइल उचलली असेल तर तिच्यातल्या चार गोष्टी मराठीला बाधतात.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ‘लेटर-स्पेसिंग’, शिरोरेषा तोडतं. शून्य करा, शीर्षकांतही. ‘फर्स्ट-लेटर’ने केलेलं मोठं आद्याक्षर काही वाचकांत ‘क्षण’मधला फक्त क उचलतं, काढून टाका. ओळींची उंची १.२ असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात, १.५ ते १.७ ठेवा. आणि तिरपी अक्षरं: देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरं तिरपं वळण नसतं, यंत्र उभं अक्षर ढकलून तिरपं करतं. जोर द्यायला ठळक वापरा.

८. फॉन्ट

आता फॉन्ट. चौकोन येत असतील, किंवा ब्राउझरमध्ये स्वच्छ आणि यंत्रावर फुटलेलं असेल, तरच.

परवाना पाहूनच फॉन्ट जोडा. विंडोजबरोबर येणारा मंगल स्वतःच्या यंत्रावर वापरता येतो म्हणून पुस्तकात भरता येतोच असं नाही. मुक्त परवान्याचे चांगले पर्याय आहेत: टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत, नोटो सेरिफ देवनागरी, संस्कृत अवतरणं खूप असतील तर मुंबई आयआयटीचा शोभिका.

जोडताना दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. पॅनडॉकला ‘ईपब-एम्बेड-फॉन्ट’ या पर्यायाने फाइल द्यायची, आणि सीएसएसमधल्या ‘फॉन्ट-फेस’मध्ये तिचा पत्ता एक फोल्डर वर जाऊन ‘फॉन्ट्स’मध्ये असा लिहायचा. नुसती फाइल जोडली आणि सीएसएसमध्ये नाव नाही, तर ती ईपबमध्ये पडून राहते. फाइलचं नाव रोमन लहान अक्षरांत, मोकळी जागा नको. साधा आणि ठळक असे दोन्ही फॉन्ट जोडा. फक्त साधा दिला तर यंत्र त्यालाच जाड करतं आणि अक्षरांची पोटं बुजतात. टिरोला ठळक वळण नाही, तेव्हा शीर्षकांना नोटोचा ठळक द्या.

फाइल हलकी करायला फॉन्ट छाटणारी अवजारं वापरली असतील तर एकदा छाटणी बंद करून पाहा. जोडाक्षरांना स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो, त्यामुळे बेफिकीर छाटणीत तीच आधी जातात.

प्रत्येक फॉन्टवर ही ओळ चालवून बघा: क्ष ज्ञ त्र श्र द्ध द्व ह्म ट्ट ङ्क र्क ऱ्या रु रू ॲ ऑ ळ ल श. यातलं एक जरी फुटलं तर फॉन्ट बदला, त्याच्याशी झगडू नका.

किंडलवर वाचकाने स्वतःचा फॉन्ट निवडला असेल तर तुमचा दिसत नाही. अक्षररचनेच्या मेनूत ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडून मगच निष्कर्ष काढा.

९. दुकानाआधीची तपासणी

ईपबचेक हे ईपब तपासणारं अवजार जावावर चालतं आणि फुकट आहे. त्यातल्या ‘एरर’ सगळ्या दुरुस्त करा, ‘वॉर्निंग’ वाचून ठरवा. कॅलिबरच्या संपादकात एफ-७ दाबलं तरी प्राथमिक तपासणी होते. मग किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फोन, टॅबलेट आणि ई-रीडर या तिन्ही रूपांत पहिलं प्रकरण, एक कविता आणि अनुक्रमणिका पाहा. दुरुस्ती कायम मार्कडाउनच्या मूळ फाइलमध्ये करा. ईपबमध्येच डागडुजी केली की पुढच्या वेळी पॅनडॉक चालवल्यावर ती पुसली जाते आणि तोच बिघाड पुन्हा उगवतो. ‘दुरुस्त केलं होतं, परत आलं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

छापील प्रतीसाठी पॅनडॉकनेच पीडीएफ करत असाल तर तो वेगळा रस्ता आहे. पीडीएफ बनवणारं मूळचं इंजिन, पीडीएफलेटेक, देवनागरीला चालत नाही. झीलेटेक निवडा, मुख्य फॉन्ट द्या आणि फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी सांगा. लिपी सांगितली नाही तर चांगल्या फॉन्टमध्येही जोडाक्षरं फुटतात.

इथे थांबा

श्रीलिपी, आकृती, शिवाजी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांतलं अख्खं पुस्तक हाती असेल तर दोन-चार पानांपलीकडे स्वतः रूपांतर करत बसू नका. प्रत्येक फॉन्टसंचाचा तक्ता वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, आणि फुकटच्या रूपांतरकांत रफार व चंद्रकोरीचा र हमखास घसरतो. हे काम नेमका तोच फॉन्ट हाताळणाऱ्या डीटीपीवाल्याकडे द्या आणि मुद्रितशोधकाचे पैसे वेगळे धरा.

चित्रमय बालपुस्तक, ज्यात मजकूर चित्रावर ठरावीक जागी हवा, ते मार्कडाउनचं काम नाही; स्थिर मांडणीचं ईपब करणारा माणूस गाठा. पाचव्या मुद्द्यानंतरही ठिपक्यांची वर्तुळं शेकड्याने उरली असतील, किंवा ईपबचेक स्वच्छ असूनही दुकान पुस्तक परत पाठवत असेल, तरीही स्वतः खटपट थांबवा. दुसऱ्या बाबतीत आधी दुकानाच्या मदत विभागाला लिहा, कारण नकार मजकुरामुळे आहे की मांडणीमुळे हे त्यांनाच माहीत असतं.

तज्ज्ञाकडे जाताना नुसतं बिघडलेलं ईपब देऊ नका. मूळ मार्कडाउन फाइल, सीएसएस, फॉन्टच्या फाइली, पॅनडॉकची आवृत्ती, चालवलेली पूर्ण आज्ञा, आणि बिघाड दिसतो त्या यंत्राच्या नावासह पडद्याचं चित्र, एवढं एका झिपमध्ये द्या. चित्रात बिघडलेल्या शब्दाशेजारी तो कसा दिसायला हवा ते हाताने लिहून ठेवा.